जुन्या झावळ्या

रविवारी मिस्सा संपल्यावर फादर मॅकवान गुजरातीतून म्हणाले,
गेल्या वर्षीच्या झावळ्या घरी असतील त्या आणून द्या,
बुधवारच्या राखेसाठी जाळायच्यात.

मी तोरीनोहून येऊन पाच दिवस झाले होते.
प्रतापनगरच्या या दोन खोल्यांची किल्ली
आई गेल्यापासून खानविलकर काकूंकडे.
भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर होती तशीच, किंचित तिरकी.
स्टुलावर चढले, मागे हात घातला,
तर हाताला जुडी लागली.
सुतळीने बांधलेली.

प्रत्येक पातीवर बॉलपेनने वर्ष.
आईचं चौथी पास अक्षर,
वेलांटी विसरेल पण आकडा चुकणार नाही.
मी गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून
ती देवळातून दोन झावळ्या आणत असणार:
एक तिची, वेळच्या वेळी जाळायला दिलेली,
एक माझी, न दिलेली.

सतरा.
पुन्हा मोजल्या, मराठीतच.
प्रार्थना माझ्या तोंडून आता तीन भाषांत निघते,
हिशोब आणि शिव्या मात्र घरच्याच.

शेवटची पात झावळीची नाही.
त्या वर्षी देऊळ बंद, सगळंच बंद.
ही काकूंच्या अंगणातल्या नारळाची,
मागून आणलेली, की काकूंनीच फाटकावरून दिलेली?
त्या पावसाळ्यात आई गेली.
विमानं उडत नव्हती.
मी सिन्योरा एल्वीराचे पाय चोळत
फोनवर माती पडताना पाहिली.

सिन्योरा विचारायच्या, तुम्ही लोक कधी झालात ख्रिस्ती?
तुमची ही इमारत बांधायच्या आधी, मी सांगायचे.
त्या हसायच्या, पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारायच्या.
तिकडे राख कपाळाला लावत नाहीत,
डोक्यावर चिमूटभर भुरभुरतात, पिठीसाखरेसारखी.
केसांत शिरली की कुणाला दिसत नाही.
मला ते सोयीचं वाटायचं. हे पाप म्हणून कधी सांगितलं नाही,
आता सांगते.

आणि इथे स्टेशनवर रिक्षावाला:
बेन, बहारथी आव्या?

बाबा वसईहून रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आलेले.
सुट्टीत निघताना म्हणायचे, घरी जाऊन येतो.
वसईहून निघतानाही तेच म्हणायचे.
आम्ही पोरं हसायचो.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मला जागा सापडत नाही.
मी उधळलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवले,
डुकरं राखली नाहीत, म्हातारी माणसं राखली.
आणि त्या घरात आई कुठे होती?
बापाने लांबून पाहिलं, धावत गेला, गळ्यात पडला,
अंगठी, पायतण, मेजवानी, सगळं लिहिलंय.
ती बहुधा मागच्या खोलीत
स्टुलावर चढून
तसबिरीच्या मागे काहीतरी खोचत होती.

फादरांनी जुडी हातात तोलली.
एटली बधी? घरमां घणा जण छो?
मी म्हटलं, हा.

नारळाची पात तेवढी ठेवून घेतली.
तिच्यावर कुणी पवित्र पाणी शिंपडलं नव्हतं,
म्हणजे जाळायचा नियम तिला लागत नाही.
इतकी धर्मशिकवण मला आठवते.

बुधवारी फादरांचा अंगठा कपाळावर टेकला, खरखरीत.
माती आहेस, मातीत जाशील, हे गुजरातीत ऐकलं.
कुठल्या वर्षाची राख होती कळलं नाही.
मांडवीपर्यंत चालत गेले, पुसली नाही.
रस्त्यावर ज्याच्या त्याच्या कपाळावर काही ना काही होतंच,
गंध, कुंकू, अबीर, घाम.
कुणी वळून पाहिलं नाही.

फाटकाशी काकू उभ्या.
कपाळाकडे पाहून म्हणाल्या,
उपास असेल ना गं आज तुझा?
तुझ्या आईचा असायचा.
साबुदाणा भिजवलाय,
चप्पल तिथेच काढ.